सैन्यकपात आणि राखीव दलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायम सैन्य कमी करायचं आणि पडलेली पोकळी राखीव सैनिकांनी भरून काढायची, ही कल्पना ठरावीक वर्षांनी कुठल्या ना कुठल्या देशाच्या अर्थसंकल्पातून डोकं वर काढते. या पानावरची बरीचशी उदाहरणं ब्रिटनची आहेत. तिथं हा प्रयोग आकडे आणि तारखा जाहीर करून झाला आणि तो कुठं अडखळला हेही तिथल्याच लेखापरीक्षकांनी लिहून ठेवलं. गरज पडेल तिथं अमेरिका, इस्रायल, फिनलंड, रशियाकडे वळलो आहे. माझा कल मी लपवलेला नाही, तो उत्तरांत दिसेलच.

राखीव सैनिक म्हणजे नेमका कोण? निवृत्त फौजी का?

तोही, आणि दुसराही एक. ‘राखीव’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळी माणसं येतात आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला म्हणजे नियमित सैन्यातून बाहेर पडलेला, पण काही वर्षं परत बोलावता येईल अशा यादीत असलेला. त्याला लढणं येतं, फक्त सराव सुटलेला असतो. दुसरा मुळात नागरिक. नोकरीधंदा सांभाळून स्वेच्छेनं लष्करी प्रशिक्षण घेणारा. राजकीय वाद बहुतेक वेळा या दुसऱ्यावरून होतो.

ब्रिटनमधला असा स्वयंसेवक वर्षाला साधारण २७ दिवस देतो. त्यातलं सलग १५ दिवसांचं शिबिर, उरलेले काही शनिवार-रविवार आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ. ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दिवसभर ट्रक चालवलेला, शाळेत तास घेतलेली, हिशेबांच्या फायलींत मान मोडलेला, असे पंचवीस-तीस जण सात-साडेसातला ड्रिल हॉलमध्ये जमतात. कपडे बदलायचे, हजेरी द्यायची, कोठारातून रायफल घ्यायची, वहीत सही करायची. मग नियमित सैन्यातून आलेला प्रशिक्षक अडकलेली गोळी कशी काढायची याची उजळणी घेणार. कुणी तरी तीच चूक करणार, जी गेल्या महिन्यात केली होती. साडेनऊला रायफल पुसून परत, पुन्हा सही. दोन-अडीच तासांत हाताला प्रत्यक्ष वळण लागलं ते फार तर तास-सव्वातास. वर्षअखेर ठरलेली हजेरी भरली आणि चाचण्या पार पडल्या की करमुक्त बाउंटी, म्हणजे बक्षिसाची रक्कम, मिळते.

या माणसांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. प्रश्न त्या तासांच्या बेरजेचा आहे.

हा वाद अलीकडचाच ना?

छे. ब्रिटनमध्ये युद्धमंत्री रिचर्ड हाल्डेन यांनी १९०७ साली कायदा करून घेतला आणि १९०८ पासून स्थानिक स्वयंसेवक पथकांची मिळून ‘टेरिटोरियल फोर्स’ उभी राहिली. तिचं काम मायदेशाचं रक्षण. परदेशी जायची सक्ती नव्हती. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा नवे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचा या ‘फावल्या वेळच्या’ सैनिकांवर विश्वास नव्हता. त्यांनी वेगळीच नवी सेना उभारायला घेतली. गंमत अशी, की ती नवी सेना कवायत शिकत होती तेव्हा, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी, लंडन स्कॉटिश ही स्वयंसेवकांची बटालियन बेल्जियममध्ये मेसिनच्या लढाईत उतरलेली होती. म्हणजे राखीव सैनिकाला हसण्याची खोडही जुनी आणि त्यानं ते हसू खोटं ठरवण्याचीही.

कपातीचा इतिहासही तसाच. ऑगस्ट १९१९ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळानं खर्चाचे अंदाज बांधताना एक गृहीतक धरलं: पुढची १० वर्षं मोठं युद्ध होणार नाही. ते पुढं ढकलत ढकलत १९३२ पर्यंत ओढलं. १९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी सक्तीची लष्करी सेवा संपवण्याचा आणि सुमारे ६ लाख ९० हजारांचं सैन्यबळ १९६२ पर्यंत पावणेचार लाखांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वेळी पोकळी भरणार होता अणुबॉम्ब. २०१२ मध्ये ती भरणार होते राखीव सैनिक. २०२१ मध्ये ड्रोन आणि सायबर. कपात तीच, वर ठेवायचं झाकण दर वेळी नवं.

२०१० नंतर ब्रिटनमध्ये नेमकं काय झालं?

आर्थिक मंदीनंतर डेव्हिड कॅमेरून यांचं आघाडी सरकार आलं, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. संरक्षण खात्याच्या जमाखर्चात ३८ अब्ज पौंडांचं भगदाड आधीच्या मजूर सरकारनं ठेवल्याचा दावा नव्या मंत्र्यांनी केला. (आकडा कसा मोजला यावरून भांडणं झाली, पण भगदाड होतं.) ऑक्टोबर २०१० च्या आढाव्यात नियमित सैन्य १ लाख २ हजारांवरून ९५ हजारांवर आणायचं ठरलं. वर्षभराच्या आत, जुलै २०११ मध्ये, तो आकडा आणखी खाली ८२ हजारांच्या आसपास गेला. जुलै २०१२ मध्ये संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी ‘आर्मी २०२०’ ही योजना संसदेत मांडली. नियमित सैन्य ८२ हजार, १७ मोठ्या पलटणी रद्द किंवा विलीन, आणि प्रशिक्षित राखीव सैनिक ३० हजार, तेही २०१८ पर्यंत. त्या वेळी प्रशिक्षित राखीव सैनिक वीस हजारांच्या आसपासही जेमतेम होते.

जुलै २०१३ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. १० वर्षांत १.८ अब्ज पौंड राखीव दलांवर खर्च करण्याचं आश्वासन त्यात होतं आणि ‘टेरिटोरियल आर्मी’ या जुन्या नावाऐवजी ‘आर्मी रिझर्व्ह’ हे नाव सुचवलेलं होतं. २०१४ च्या कायद्यानं ते पक्कं झालं. नाव बदलण्यामागं हेतू होता. ‘टेरिटोरियल’ म्हटलं की लोकांना शनिवार-रविवारची हौस वाटायची. ‘रिझर्व्ह’ म्हटलं की सैन्याचाच भाग. खरं सांगायचं तर पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही, पण त्याच कायद्यात एक ठोस गोष्टही होती. राखीव सैनिकांना आता अपवादात्मक संकटापुरतं नव्हे, तर सैन्य जे जे काम करतं त्या कुठल्याही कामासाठी बोलावता येणार होतं.

या योजनेला सर्वात कडवा विरोध समोरच्या बाकांवरून नाही, मागच्या बाकांवरून झाला. हुजूर पक्षाचेच खासदार जॉन बॅरन हे रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युझिलियर्सचे माजी अधिकारी. त्यांच्या रेजिमेंटची दुसरी बटालियन रद्द झालेल्या यादीत होती. त्यांची मागणी साधी होती: राखीव दलाची भरती होते आहे हे आधी सिद्ध करा, तोवर नियमित पलटणी मोडू नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांची दुरुस्ती मतदानात पडली. त्यांना जुन्या रेजिमेंटचं ममत्व होतं, हे कुणीच नाकारलं नाही. मागणी मात्र ममत्वावर उभी नव्हती.

मग ते ३० हजार मिळाले का?

ठरलेल्या मुदतीत नाही.

जून २०१४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. सरकारी भाषा सौम्य असते, पण या अहवालातलं एक वाक्य झोंबणारं होतं. राखीव दलाचं प्रशिक्षित बळ ३० हजारांवर नेणं शक्य आहे का, हे खात्यानं निर्णयाआधी तपासलंच नव्हतं. तेव्हाच्या वेगानं हा आकडा २०२५ पर्यंतही जेमतेम गाठला जाईल, असा इशाराही त्यात होता. दरम्यान नियमित सैन्याची कपात मात्र वेळेच्या आधी उरकली जात होती.

माझ्या मते सगळ्या वादाची गोम इथं आहे. कपातीला तारीख असते, भरतीला नुसतं उद्दिष्ट. सैनिक कमी करायचा तर आदेश काढता येतो. स्वयंसेवक आणायचा तर त्याला दाराशी यावंसं वाटावं लागतं, मग त्याची वैद्यकीय तपासणी, मग मूलभूत प्रशिक्षण, मग त्याच्या शाखेचं प्रशिक्षण, आणि हे सगळं त्याच्या सुट्टीच्या दिवशी. एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं धरायचं, तर धरणारा हात आधी पुढं हवा.

भरतीची यंत्रणाही त्याच सुमारास खासगी कंपनीकडे, कॅपिटाकडे, सोपवली होती. डिसेंबर २०१८ च्या लेखापरीक्षण अहवालानुसार २०१३ पासून एकाही वर्षी भरतीचं उद्दिष्ट पूर्ण झालं नाही. ऑनलाइन अर्जाची प्रणाली ५२ महिने उशिरा सुरू झाली. २०१८-१९ च्या पहिल्या सहामाहीत नियमित सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या निम्म्या अर्जदारांची प्रक्रिया पूर्ण व्हायला ३२१ दिवसांपर्यंत वेळ लागला. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं जवळजवळ वर्षभर उत्तराची वाट बघत बसत नाही. ते दुसरीकडे नोकरी धरतं.

आणखी एक बारीक पण बोलकी गोष्ट. ऑक्टोबर २०१६ पासून लष्करानं ‘प्रशिक्षित’ या शब्दाची व्याख्याच बदलली. आधी मूलभूत आणि शाखेचं अशी दोन्ही प्रशिक्षणं झालेला माणूस मोजायचे; आता पहिलं झालं की पुरे. आकडा त्यानं फुगला, तरीही २०१९ मध्ये ३० हजारांच्या खालीच राहिला. मूलभूत प्रशिक्षण झालेला सैनिक पूरकार्यात किंवा पहाऱ्यात उपयोगी पडू शकतो, असं लष्कराचं समर्थन होतं. ते खोटं नाही. पण रणगाड्याच्या पथकात जागा रिकामी असेल तर तिथं तो बसत नाही.

म्हणजे सरकारचं म्हणणं साफ चुकीचं होतं?

नाही, आणि विरोधकांनी ते तसं रंगवलं ही त्यांची चूक. सरकारच्या बाजूनं तीन मुद्दे दमदार होते.

इतर इंग्रजी भाषक देशांच्या तुलनेत ब्रिटनच्या सैन्यात राखीव सैनिकांचं प्रमाण खरोखरच कमी होतं. राखीव दल वर्षानुवर्षं दुर्लक्षित होतं. जुनी उपकरणं, रद्द होणारे सराव, हजेरीपटावर नावं पण प्रत्यक्षात रिकाम्या रांगा. त्यात पैसा घालणं योग्यच होतं. आणि काही कौशल्यं सैन्य स्वतः सांभाळूच शकत नाही: सायबर तज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भाषातज्ज्ञ, बंदरं चालवणारे. अशा माणसाला पूर्णवेळ पगारावर ठेवायचं तर लष्कराची वेतनश्रेणी पुरत नाही, आणि ठेवलंच तर त्याचं कौशल्य छावणीत गंजतं. तो बाहेर रोज काम करतो म्हणूनच तो तरबेज असतो.

राखीव दल मजबूत करणं आणि नियमित दल कमी करणं हे दोन स्वतंत्र निर्णय होते. ते एकाच कागदावर, एकाच बेरजेत मांडले गेले, म्हणून एक दुसऱ्याची भरपाई असल्यासारखा भास झाला.

राखीव सैनिक स्वस्त पडतो, हे तरी खरं ना?

घरी बसलेला असेल तर खूपच स्वस्त. त्याला निवास नाही, कुटुंबासाठी घर नाही, पूर्ण निवृत्तिवेतन नाही, फक्त हजेरीच्या दिवसांचं वेतन.

बोलावला की गणित पालटतं. त्याला पूर्ण पगार द्यावा लागतो, नागरी पगार जास्त असेल तर फरक भरून द्यावा लागतो, मालकाला भरपाई, मोहिमेआधी काही आठवडे ते काही महिने जादा प्रशिक्षण, परत आल्यावर सुट्टी. आणि सहा महिन्यांची एक मोहीम झाली की त्याला लगेच दुसऱ्या मोहिमेवर काढता येत नाही. म्हणजे एक जागा सतत भरलेली ठेवायची तर पाठीशी बरीच माणसं लागतात.

थोडक्यात, राखीव दल हे विम्यासारखं आहे. हप्ता कमी, पण दावा केला की खर्च येतो. दर वर्षी दावा करायचा असेल तर तो विमा राहत नाही. अर्थखात्याच्या टिपणात हप्ता दिसतो, दाव्याचा रकाना कोरा असतो.

राखीव सैनिक लढू शकतात का? खरं सांगा.

कोण, कशात आणि किती दिवसांच्या सूचनेवर, यावर उत्तर ठरतं.

१९९०-९१ चं आखाती युद्ध हा याचा उत्तम धडा. अमेरिकेत तेव्हा काही नियमित डिव्हिजनांत दोनच ब्रिगेड पूर्णवेळ असत, तिसरी नॅशनल गार्डची, म्हणजे राज्यांच्या राखीव दलाची. २४ व्या इन्फंट्री डिव्हिजनची ती तिसरी ब्रिगेड म्हणजे जॉर्जिया राज्याची ४८ वी ब्रिगेड. कुवेतवर इराकनं हल्ला केला आणि डिव्हिजन सौदी अरेबियात गेली ती या ब्रिगेडला मागं ठेवून. तिच्या जागी नियमित १९७ वी ब्रिगेड घेतली. ४८ व्या ब्रिगेडला नोव्हेंबरअखेर बोलावलं, मग कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या वाळवंटात आठवड्यांमागून आठवडे सराव. ती सज्ज असल्याचा दाखला मिळाला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि युद्धही.

त्यावरून ‘बघा, राखीव सैनिक कुचकामी’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. पण त्याच युद्धात नॅशनल गार्डच्या तोफखाना ब्रिगेड प्रत्यक्ष लढल्या. वाहतूक, पाणीपुरवठा, रुग्णालयं, लष्करी पोलीस या कामांसाठी राखीव दलं मोठ्या प्रमाणावर गेली. ती नसती तर ती मोहीम चाललीच नसती.

मग फरक कशाचा? एकट्यानं करायचं कौशल्य टिकतं. ट्रक चालवणारा घरीही ट्रकच चालवतो. दहा जणांच्या तुकडीचं कौशल्य थोड्या सरावानं परत येतं. पण चार हजार माणसं, रणगाडे, तोफा, इंधनाच्या गाड्या आणि रेडिओची जाळी रात्रीच्या अंधारात एका वेळी हलवणं हे सोबत राहूनच जमतं. ४८ व्या ब्रिगेडमधला शिपाई कमी पडला नव्हता. मुख्य अडचण होती अधिकारी आणि कर्मचारी-मुख्यालयांच्या एकत्र सरावाची. वर्षाला ३९ दिवसांत ते शिकवता येत नाही, कुणालाच.

म्हणून एखादा मंत्री ‘आमच्या एकूण बळात इतके टक्के राखीव’ असं सांगतो तेव्हा टक्क्यांपेक्षा यादी मागावी. ते टक्के रुग्णालयांत आहेत की रणगाड्यांत?

बोलावल्यावर समाजाचं दुसरं काम अडत नाही का?

अडतं, आणि या मुद्द्याला वादात मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

अफगाणिस्तानात हेल्मंडमधल्या कॅम्प बॅस्टियनच्या ब्रिटिश रुग्णालयात राखीव दलांच्या वैद्यकीय पथकांनी आळीपाळीनं काम केलं, आणि नावाजलं गेलेलं काम केलं. ती माणसं आली कुठून? बहुतांश सार्वजनिक आरोग्यसेवेतून. अतिदक्षता विभागातली एक अनुभवी परिचारिका दोन याद्यांत मोजली जाते. रुग्णालयाच्या वेळापत्रकात एकदा, लष्कराच्या तक्त्यात एकदा. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त माणूस एकच असतो. मर्यादित मोहिमेत हे निभावतं. मायदेशीही जखमींची रीघ लागेल अशा युद्धात तिला कुठं ठेवणार?

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा लुइझियाना राज्याच्या नॅशनल गार्डची २५६ वी ब्रिगेड इराकमध्ये होती. हीच ब्रिगेड एरवी पुराच्या पाण्यात ट्रक घालते. इतर राज्यांतून गार्डची पथकं आली, पण ज्यांना गल्ल्या ठाऊक होत्या ते बगदादच्या परिसरात होते.

नोकरी देणाऱ्यांचं काय?

कायदा राखीव सैनिकाच्या बाजूनं आहे. ब्रिटनमध्ये १९८५ चा आणि अमेरिकेत १९९४ चा कायदा परतणाऱ्याला नोकरी परत मिळण्याचा हक्क देतो. ब्रिटननं २०१४ पासून लहान-मध्यम उद्योगांना, माणूस मोहिमेवर असेल तितके महिने, दरमहा ५०० पौंडांपर्यंत जादा मदत देऊ केली.

पण सहा माणसांच्या कारखान्यातला एकमेव वेल्डर नऊ महिन्यांसाठी गेला तर मदतीच्या रकमेतून वेल्डिंग होत नाही. मालक उघड विरोध करत नाही; पुढच्या वेळी माणूस घेताना ‘शनिवार-रविवारी काय करता?’ असं सहज विचारतो, इतकंच. आणि हे ओळखून पुष्कळ जण आपण राखीव दलात आहोत हे मालकाला सांगतच नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या पाठिंब्याच्या जाहीर पत्रांवर सह्या असतात, ते ठीकच. अडचण लहान ठिकाणी असते.

राखीव सैनिकांवर अवलंबून राहिलं की सरकारं युद्धाला बिचकतात, असं म्हणतात. पटतं का?

अर्धवट.

व्हिएतनाम युद्धात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राखीव दलं मोठ्या प्रमाणावर बोलावणं टाळलं, कारण तसं केलं असतं तर देश युद्धात आहे हे घराघरात कळलं असतं. पुढं लष्करप्रमुख क्रायटन अब्रॅम्स यांच्या काळात सैन्याची रचना अशी झाली, की राखीव दल बोलावल्याशिवाय मोठं युद्धच करता येऊ नये. हे त्यांनी मुद्दाम केलं की पैशांच्या टंचाईतून घडलं, यावर इतिहासकार भांडतात. परिणाम मात्र अपेक्षेसारखा झाला नाही. २००३ नंतर राखीव दलं इराकमध्ये पुनःपुन्हा गेली, २००५ मध्ये तिथल्या अमेरिकी सैन्यात त्यांचा वाटा खूप मोठा होता, आणि युद्ध तरीही वर्षानुवर्षं चाललं. ज्यांची मुलं गेली त्यांना झळ बसली. उरलेल्यांना बातमी कळली.

इस्रायलमध्ये चित्र वेगळं, कारण तिथं राखीव दल म्हणजे जवळजवळ समाजच. २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतल्या बदलांविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा हवाई दलातल्या राखीव वैमानिकांसह अनेकांनी स्वेच्छेची सेवा थांबवण्याचा इशारा दिला. सरकार हादरलं ते त्या इशाऱ्यानं. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यानंतर ३ लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले गेले आणि तेच लोक हजर झाले. मग युद्ध लांबलं, तीच माणसं दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बोलावली जाऊ लागली आणि जुना सवाल उसळून वर आला: अतिकर्मठ हारेदी तरुणांना सूट का? जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना भरतीतून सवलत देण्याला कायद्याचा आधार नसल्याचा निकाल दिला. राखीव दलाचा भार कुणावर पडतो, हा शेवटी न्यायाचा प्रश्न होतो आणि तो आघाडी सरकारं डळमळीत करतो.

फिनलंडला जमतं, मग इतरांना का नाही?

फिनलंडकडे जे आहे ते बाकीच्यांना नको आहे म्हणून. साधारण ५६ लाखांचा देश, युद्धकाळात २ लाख ८० हजारांचं सैन्य, आणि त्यामागं सुमारे ९ लाखांचं राखीव बळ. पूर्णवेळ सैन्य अगदी लहान. पण हे राखीव सैनिक फावल्या वेळेत तयार झालेले नाहीत. पुरुषांना सक्तीची सेवा आहे, १६५, २५५ किंवा ३४७ दिवस सलग, आणि नंतर उजळणी. आधी पूर्णवेळ सैनिक, मग राखीव.

‘फिनलंडसारखं राखीव दल हवं’ म्हणणाऱ्याला विचारावं, सक्तीची सेवाही हवी का? बहुधा तिथं घोडं अडतं.

कागदावर लाखो राखीव असणं काहीच कामाचं नाही?

सप्टेंबर २०२२ चा रशिया बघा. २१ तारखेला ३ लाख माणसांची ‘आंशिक’ लामबंदी, म्हणजे राखीव यादीतल्यांना सक्तीनं सैन्यात बोलावणं, जाहीर झाली. संरक्षणमंत्री शोइगू यांनी देशाकडे अडीच कोटींचं मनुष्यबळ असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात त्या यादीशी रोजचा संबंध कुणी ठेवलेला नव्हता. चुकीची माणसं उचलली गेली, वय आणि आजार न बघता नोटिसा गेल्या, अनेकांना साहित्य स्वतः विकत घ्यावं लागलं, आणि कझाकस्तान-जॉर्जियाच्या सीमांवर देश सोडणाऱ्यांच्या रांगा लागल्या. तहान लागल्यावर विहीर खोदणं म्हणतात ते हे. उलट युक्रेनकडे २०१४ पासून पूर्वेकडे लढून परतलेल्यांची यादी होती आणि ती माणसं पहिल्याच आठवड्यांत आपापल्या पलटणींत परतली.

कपात उजवे करतात की डावे?

दोघंही. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षानं केली, पण शीतयुद्धोत्तर काळात मजूर पक्षानंही हात आखडता घेतलाच. अमेरिकेत तर हा वाद पक्षांपेक्षा वॉशिंग्टन विरुद्ध राज्यं असा असतो. २०१४ च्या सुमारास नॅशनल गार्डची अपाची हेलिकॉप्टरं नियमित सैन्याकडे वळवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा दोन्ही पक्षांचे गव्हर्नर एकत्र उभे राहिले आणि काँग्रेसला त्यासाठी वेगळा आयोग नेमावा लागला.

अग्निवीर म्हणजे राखीव सैनिकच ना?

नाही. भारतानं १४ जून २०२२ रोजी जाहीर केलेली अग्निपथ ही नियमित सैन्यातलीच ४ वर्षांची अल्पमुदत सेवा आहे. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढं कायम घेतात. राखीव दलाच्या कल्पनेच्या जवळ जाते ती १९४८ च्या कायद्यानं उभी राहिलेली प्रादेशिक सेना. दोन वादांत निवृत्तिवेतनाच्या खर्चाचा धागा समान आहे, बाकी फारसं नाही.

ब्रिटनमध्ये आता कुठवर आलं आहे?

२०२१ च्या आढाव्यात नियमित सैन्याचा आकडा आणखी उतरवून ७२,५०० करायचं ठरलं. नंतर तो ७३ हजार सांगितला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. जानेवारी २०२४ मध्ये लष्करप्रमुख पॅट्रिक सँडर्स यांनी ‘नागरिकांची सेना’ उभारण्याची भाषा केली आणि सक्तीची भरती होणार नाही असा खुलासा पंतप्रधानांच्या कार्यालयाला घाईघाईनं करावा लागला. चारच महिन्यांत पंतप्रधान ऋषी सुनक यांनी निवडणूक प्रचारात १८ वर्षांच्या तरुणांसाठी राष्ट्रीय सेवेची योजना मांडली, त्यात लष्करातल्या ३० हजार जागा. ते हरले, योजना बारगळली. जून २०२५ मध्ये मजूर सरकारच्या संरक्षण आढाव्यात सक्रिय राखीव दल २० टक्क्यांनी वाढवावं असं म्हटलं आहे, ‘निधी उपलब्ध होईल तेव्हा’. या शेवटच्या चार शब्दांशी २०१३ ची श्वेतपत्रिका वाचलेल्यांचा चांगला परिचय आहे.

झालेली कपात उलटवता येते का?

कायदा उलटवता येतो. लिथुआनियानं २००८ मध्ये थांबवलेली सक्तीची भरती २०१५ मध्ये परत आणली, स्वीडननं २०१० मध्ये थांबवलेली २०१७ मध्ये. पण दरम्यान छावण्या विकल्या गेल्या, प्रशिक्षक निवृत्त झाले, वयोगट कोरे राहिले.

शिपाई वर्षभरात घडतो. ब्रिटिश सैन्यात सार्जंट व्हायला साधारण १२ वर्षं लागतात, बटालियनचा प्रमुख व्हायला त्याहून किती तरी जास्त. २०१२ मध्ये मोडलेली बटालियन आज परत उभी करायची म्हटलं तर तिला हवा असलेला सार्जंट तेव्हा भरती झालेला असायला हवा होता. तो त्या वर्षी भरती कार्यालयात आला असेलही. त्या वर्षी मात्र जागा भरण्याची नाही, कमी करण्याची मोहीम चालू होती.